दहा लाख कपांचा साचा

कप फुटला याचं कुणाला फारसं वाईट वाटलं नाही. त्या घरात कप फुटणं आता दारावरची घंटा वाजण्याइतकं सवयीचं झालं होतं. पण खाली पडलेल्या तुकड्यांकडे बघत काकू जे म्हणाल्या, ते ऐकून तुकडे गोळा करणारे त्यांचे यजमान तक्तेकाका वाकल्या जागीच थांबले. काकू म्हणाल्या, "संपलं. आजपासून माझा चहा बंद."

काकूंचा चहा बंद म्हणजे काय, हे त्या इमारतीत राहिल्याशिवाय कळायचं नाही. बाकीचे लोक चहा पितात; काकू चहा घेऊन न्यायनिवाडा करत. दुपार कलली की त्यांच्या जेवणाच्या टेबलाभोवती शेजारणी जमत, एखादा निवृत्त गृहस्थ 'पेपर आला का' असं विचारत आत घुसे, आणि मग पाण्याच्या टाकीपासून कुणाच्या तरी सुनेच्या नोकरीपर्यंत सगळे खटले तिथे उभे राहत. समोरचा तावातावानं बोलून दमला की काकू कप उचलत, एक घोट घेत, कप बशीत ठेवत आणि मगच तोंड उघडत. त्या एका घोटात समोरच्याचं निम्मं अवसान गळून जाई.

तो कप त्यांच्या हातून गेला होता सांध्यांच्या दुखण्यामुळे. बोटांची पेरं सुजून जाड झाली होती आणि बोटं पुरती मिटत नव्हती. कपाच्या कानात बोट जात नसे; गेलं तर निघत नसे; आणि दोन्ही तळव्यांत कप धरावा तर चटका बसे. डॉक्टरांनी "हे हळूहळू वाढत जाणार हं," असं सांगितलं होतं, पाहुण्यांना जिना कुठे आहे ते सांगावं इतक्या सहज.

"मी धरतो ना कप," तक्तेकाका म्हणाले.

"तुम्ही धरणार आणि मी पिणार? मग घोट कधी घ्यायचा ते कोण ठरवणार?"

"तू सांग, मी पुढे करीन."

"म्हणजे चहा प्यायला आधी बोलायचं आणि बोलायला चहा प्यायचा. काही नको. चार माणसांत मला कुणी भरवलेलं चालणार नाही. एकटीला तर मुळीच नाही."

परगावच्या लेकीनं चोचीचा कप पाठवला. काकूंनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि फोनवर म्हणाल्या, "कप मिळाला गं. बरोबर लाळेरं पाठवायचं राहिलं वाटतं तुझं." मग घरातल्या कपाच्या कानाला कापड गुंडाळून झालं, रबराची नळी लावून झाली, नळदुरुस्तीवाल्याकडून पाइपचा एक वाकडा कोपरा आणून चिकटवून झाला. त्या कोपऱ्यानं चहाला नळाची चव आली. खालच्या मजल्यावरच्या संगणकवाल्याकडे वस्तू छापायचं यंत्र होतं. त्यानं मोठ्या कानाचा एक देखणा कप थरावर थर रचून छापून दिला. त्यात कढत चहा ओतताच कान अदबीनं वाकला आणि बशीत जाऊन बसला.

इथे तक्तेकाकांच्या मनात ती कल्पना आली, जी सामान्य माणसाच्या मनात आली असती तर संध्याकाळपर्यंत निघूनही गेली असती. पण तक्तेकाका सामान्य नव्हते, ते संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक होते. 'तक्ते' हे त्यांचं आडनाव नव्हे. कुठलीही वस्तू घेण्याआधी ते तिचा तुलनात्मक तक्ता करत, म्हणून इमारतीनं बहाल केलेली ती पदवी होती, आणि ती इतकी रुळली की पोस्टमनही त्याच नावानं हाक मारी. त्यांनी फ्रिज घ्यायचं ठरवलं तेव्हा तक्ता पुरा होईतो त्यातली दोन मॉडेलं बाजारातून गेली आणि एक कंपनी बुडाली. तरी त्यांचं म्हणणं एकच: एकदाच घ्यायचं, पण चांगलं घ्यायचं. मध्यमवर्गात हे वाक्य जन्मतःच कानात सांगतात. आपल्याला दोनदा घेणं परवडत नाही, याला आपण तत्त्वज्ञान म्हणतो.

तर तक्तेकाकांनी ठरवलं, की कप स्वतः बनवून घ्यायचा. चांगल्या प्लॅस्टिकचा, कढत चहाला न वाकणारा, आणि चारही बोटं एकदम आत जातील अशा कानाचा.

आधी माप घ्यायला हवं होतं. त्यांनी काकूंच्या हातात मळलेल्या कणकेचा गोळा दिला आणि म्हणाले, "कप धरल्यासारखं धर." काकूंनी धरलं. मग एकेका बोटाची जाडी, पेरांतलं अंतर, बोट कुठवर वाकतं आणि कुठे थांबतं, हे सगळं ते व्हर्नियरच्या बारीक मोजपट्टीनं मोजत बसले. दुपार सरत आली.

"लग्नाला इतकी वर्षं झाली," काकू म्हणाल्या, "पण एवढा वेळ हात हातात घेतला नव्हतात."

"हलवू नकोस, रीडिंग चुकेल," तक्तेकाका म्हणाले.

गावाबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत एक साचेवाले कारखानदार होते. पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं काचेचं केबिन होतं, आणि केबिनबाहेर एक यंत्र ठराविक तालात उघडमीट करत बाटल्यांची बुचं ओकत होतं. कारखानदारांनी काकांना बसायला सांगितलं, कणकेचा वाळलेला गोळा टेबलावर ठेवून घेतला आणि विचारलं, "किती नग?"

"एक."

"एक लाख?"

"एक."

"दिवसाला?"

"एकूण," तक्तेकाका म्हणाले.

कारखानदारांनी चष्मा काढला. आयुष्यभर त्यांनी फक्त बुचं बनवली होती. त्यांच्याकडे येणारा प्रत्येकजण 'कधी देता?' एवढंच विचारी, 'कसं करता?' असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. तक्तेकाकांनी नेमकं तेच विचारलं, आणि कारखानदार त्यांच्या गळ्यात पडायचेच बाकी राहिले.

"सोपं आहे," ते म्हणाले. "प्लॅस्टिकचे दाणे वितळवायचे, दाब देऊन साच्यात घुसवायचे, गार झाले की साचा उघडायचा. खरी अक्कल साच्यात. आता बघा, साधा दोन पाट्यांचा साचा घेतलात तर कपाबरोबर प्लॅस्टिकची काडीही निघते, ती हातानं मोडायची. तीन पाट्यांचा घेतलात तर काडी आपोआप वेगळी पडते. आणि हॉट रनर घेतलात तर काडीच नाही. वाटेतलं प्लॅस्टिक गरमच राहतं. पण तुमच्या कपाला पडला कान. साचा नुसता वर-खाली उघडून चालणार नाही, बाजूनंही फाकायला हवा. कानाचं भोक पडतं ते आत आलेल्या पोलादी जिभेमुळे. ही जीभ सुटी ठेवायची की साच्याशी एकसंध? सुटी ठेवली तर पुढेमागे बदलता येते. पण जोडावर कपाला केसाएवढी रेघ उमटते."

"कुठे?"

"कानाच्या आतल्या बाजूला."

"म्हणजे बोटं टेकतात तिथेच," तक्तेकाका म्हणाले. "रेघ नको. तिच्या बोटांना नुसतं कापड लागलं तरी कळ येते."

"मग एकसंध!" कारखानदार खुशीत आले. "आता शेवटचं. अॅल्युमिनियमचा साचा केला तर पंधरवड्यात हातात. काही हजार कप निघतील, मग झिजेल. टणक पोलादाचा करायचा तर वेळ लागतो, कारण तो कोरा, तापवा, विझवा, घासा. पण एकदा झाला की दहा लाख कपांना मरण नाही."

दहा लाख हा आकडा ऐकून संख्याशास्त्राचा माणूस हळवा होतो. तक्तेकाका घरी आले ते मोठ्या कागदाच्या सुरळ्या घेऊनच. उभ्या रकान्यांत साच्यांचे प्रकार, आडव्या ओळींत गुण, आणि प्रत्येक चौकटीत शिसपेन्सिलीनं भरलेला अंक. टेबलावर दुसऱ्या कशाला जागा उरली नाही. शेजारणी आल्या, तक्त्यांच्या कडेकडेनं बसल्या आणि उठून गेल्या.

"अॅल्युमिनियम घ्या," काकू म्हणाल्या.

"तो टिकत नाही गं."

"मला लवकर मिळेल तो हवाय."

तक्तेकाकांना वाटलं, ही नेहमीची काटकसर. ती साडीच्या दुकानातही सगळ्यात वरच्या गठ्ठ्याला हात लावत नसे. तक्त्यात 'वेळ' अशी एक ओळ होती, तिला त्यांनी पाचपैकी एक गुण दिला, आणि 'टिकाऊपणा'ला पाच.

सल्ला मागायला लागत नाही, ही आपल्याकडच्या शेजाराची मोठी सोय आहे. वरच्या मजल्यावर विमा विकणारे एक गृहस्थ राहत. ते तक्त्यावर वाकले आणि म्हणाले, "काका, पोलादच. अहो, माणूस आज आहे उद्या नाही. साचा राहतो."

एवढं बोलून त्यांची नजर काकूंकडे गेली, आणि विषय बदलावा म्हणून त्यांनी घाईघाईनं आणखी एक सल्ला दिला, जो पहिल्याहून वाईट होता. "आणि नुसता कप कशाला? बशी नको? झाकण नको? एकाच साच्यात सगळं कुटुंब काढायचं! एकदा दाबलं की कपही येतो आणि झाकणही."

"झाकण कशाला?" काकूंनी विचारलं.

"चहा गार होऊ नये म्हणून."

"चहा गार व्हायला आधी तो मिळायला नको का?"

पण झाकणाचा रकाना तक्त्यात पडला, आणि एकदा रकाना पडला की तो भरल्याशिवाय तक्तेकाकांना झोप लागत नसे. शेवटी ठरलं ते असं: टणक पोलादाचा, बाजूनं फाकणारा, एकसंध जिभेचा, हॉट रनरचा साचा, आणि त्यात झाकणासाठी शेजारी एक खण. कारखानदार फोनवर गहिवरले. "साहेब, असा साचा मी जन्मात केला नाही," ते म्हणाले. हे वाक्य ऐकून माणसानं सावध व्हायला हवं. तक्तेकाका खूश झाले.

पोलाद तापत-विझत असताना विमावाल्यांनी तिसरा सल्ला दिला, की कपाच्या डिझाइनची सरकारी नोंदणी करून घ्या, नाहीतर उद्या कुणी कप चोरेल. तक्तेकाकांनी 'चोरणारा कोण?' असं विचारायला हवं होतं. त्याऐवजी ते नोंदणी कार्यालयात गेले.

"वस्तू काय?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"कप."

"घरगुती भांडी. पलीकडची खिडकी."

"पण हा हात अधू असलेल्यांसाठी आहे."

"मग वैद्यकीय उपकरण. वरचा मजला."

वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी विचारलं, "यात औषध असतं?"

"चहा असतो."

"मग खाली."

लिफ्ट बंद होती. आयुष्यभर फळ्यापुढे उभं राहून तक्तेकाकांचे गुडघे आधीच कुरकुरत होते. आता ते मोठ्यानं बोलू लागले. अशा बऱ्याच खेपा झाल्या. शेवटी त्यांना एका साहेबांसमोर बसवलं गेलं. साहेबांनी कपाचं चित्र पुष्कळ वेळ न्याहाळलं. "अर्जदार तुम्ही. वापरणारं कोण?"

"बायको."

"मग त्या का नाही आल्या?"

"तिला कप धरता येत नाही."

"अर्जासाठी कप धरावा लागत नाही."

"पेनही धरता येत नाही," तक्तेकाका म्हणाले.

साहेबांनी सहानुभूतीनं मान हलवली आणि 'कप धरता येत नाही' असा डॉक्टरांचा दाखला मागितला. तक्तेकाकांनी तो आणला. साहेबांनी तो वाचला, पुन्हा चित्र पाहिलं आणि खरोखरच्या कुतूहलानं विचारलं, "इथे तर लिहिलंय की त्यांना कप धरता येत नाही. मग हा कप त्या कसा धरणार?"

इतकी वर्षं वर्गात मुलांच्या शंका फेडलेला माणूस त्या दिवशी डॉक्टरांचा दाखला टेबलावरच ठेवून उठला. बाहेर येऊन जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिला. अर्ज त्यांनी परत नेला नाही. तो अजूनही कुठल्यातरी मजल्यावर असेल.

घरी काकूंनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघून गुडघ्यांना लावायच्या तेलाची बाटली कोपरानं पुढे सरकवली. त्या हल्ली सकाळी बराच वेळ गरम पाण्यात हात बुडवून बसत. वेणी शेजारीण घालून देई. दुपारी टेबलाभोवती आता दोघीतिघीच येत, त्याही प्रकृती विचारायला. प्रकृती विचारायला आलेल्या माणसाशी भांडता येत नाही, त्यामुळे त्या टेबलावरचे खटले बंदच पडले होते. पाहुण्यांचा चहा तक्तेकाका करत. काकू 'मी आत्ताच घेतला' असं सांगून गप्पांत सामील होत. सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे आपापल्या कपात बघत.

साचा तयार झाला तेव्हा थंडी सरत आली होती. पहिल्या चाचणीला तक्तेकाका इस्त्रीचा शर्ट घालून गेले. यंत्र मिटलं, कण्हलं, उघडलं. झाकण आलं ते असं गुबगुबीत, की जादा झालेलं प्लॅस्टिक कडेनं बाहेर आलं होतं. आणि कपाचा कान अर्ध्यावरच संपला होता.

"झाकणानं सगळं खाल्लं," कारखानदार म्हणाले. "एका साच्यात लहान-मोठं शेजारी बसवलं की असं होतं. लहानाचं पोट आधी भरतं, मग दाब तिकडेच जातो, आणि मोठं उपाशी राहतं."

तक्तेकाकांनी ते दोन्ही घरी आणले. काकूंनी निरखून पाहिलं. "झाकणाची तब्येत छान आहे," त्या म्हणाल्या.

झाकणाचा खण बुजवण्यात आणखी दिवस गेले. दुसऱ्या खेपेला कान पुरा आला, पण साच्याच्या फटीतून प्लॅस्टिक झिरपून त्याला ब्लेडसारखी धार आली होती. तो कप काकांनी घरी आणलाच नाही. तिसऱ्या खेपेचा कप जवळजवळ निर्दोष होता. फक्त कान जिथे कपाला मिळतो तिथे बाहेरच्या बाजूला, प्लॅस्टिक गार होताना आक्रसल्यामुळे, एक बारीकशी खळी पडली होती. तक्तेकाकांनी तो उजेडात धरून काकूंना दाखवला.

"हीच ती खळी. पाणी फिरवायच्या नळ्या थोड्या बदलल्या की जाईल."

"खळी आहे तर काय झालं? मलाही होती. तेव्हा चालली की तुम्हाला." काकूंनी हात पुढे केला. "द्या इकडे."

"अगं, नमुना आहे हा."

"द्या हो. तोच द्या. चहा करा."

"इतके दिवस थांबलीस," तक्तेकाका कप पुन्हा कागदात गुंडाळत म्हणाले, "आता पहिला घोट असल्या सदोष कपातून? तो चांगल्यातूनच घ्यायचा. जरा धीर धर."

काकूंचा हात क्षणभर टेबलावर तसाच राहिला. मग त्यांनी तो हळूच मांडीवर ठेवला, दुसऱ्या हातानं उचलून ठेवावा तसा.

खळी जायला उन्हाळा लागला. पण गेली. शेवटचा कप असा झाला होता, की कारखानदारांनी तो रुमालात धरून दिला. हस्तिदंती रंग, कुठे रेघ नाही, धार नाही, खळी नाही. कानाच्या आतून बोट फिरवलं तर साईवरून फिरवल्यासारखं वाटे. असा साचा थांबवून ठेवणं कारखानदारांच्या जिवावर आलं. शिवाय यंत्र एकदा तापलं की एका कपासाठी कुणी गार करत नाही, म्हणून काही हजार कप त्यांनी त्याच धडाक्यात काढून टाकले.

त्या दुपारी टेबल पूर्वीसारखं भरलं. विमावाले आले, संगणकवाला आला, शेजारणी आल्या. तक्तेकाकांनी स्वतः चहा केला आणि नव्या कपात ओतून काकूंसमोर ठेवला. काकूंनी पदर सावरला आणि हात पुढे केला.

तर्जनी पेरापर्यंत गेली आणि अडकली. मधलं बोट कानाच्या कडेला टेकलं. उरलेली दोन आता वाकून तळव्याकडे वळली होती, त्यांना कानापर्यंत आणणंच जमेना. काकूंनी हात काढला, वेगळ्या बाजूनं घातला. शेजारणींनी आपापले कप बशीत ठेवले. तक्तेकाका त्या बोटांकडे असे बघत होते, जणू ती दुसऱ्या कुणाची होती. मापं त्यांना पाठ होती. मापं बरोबर होती. कपही त्या मापांना चोख होता.

"रंग छान आलाय," काकू म्हणाल्या आणि हात मागे घेतला. "घ्या ना तुम्ही सगळे. गार होतोय चहा."

विमावाल्यांना अशा वेळी काहीतरी बोललंच पाहिजे असं वाटतं. ते म्हणाले, "हलका आहे हो पण!" मग त्यांनी घाईघाईनं आपला कप तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी तक्तेकाका कारखान्यात गेले. "कान मोठा करून हवाय," ते म्हणाले. "थोडाच. भोक तेवढं वाढवा."

कारखानदारांचा चेहरा उतरला. "साहेब, कान जाड करायचा असता तर आत्ता केला असता. साच्यातलं पोलाद कोरायचं, की कपावर प्लॅस्टिक वाढतं. पण भोक मोठं करायचं म्हणजे जीभ मोठी हवी. पोलाद काढता येतं हो, घालता येत नाही. वेल्डिंगचा डाग द्यावा तर इतकं टणक पोलाद तडकेल. जीभ सुटी असती तर एका आठवड्यात बदलली असती. एकसंध आहे ती." थोडं थांबून ते म्हणाले, "दहा लाख कप हाच कान देईल तो. याच मापाचा."

त्यांनी हे कुठल्याही कुचेष्टेनं म्हटलं नव्हतं. त्यांनाही रडू यायचं बाकी होतं. त्यांच्या आयुष्यातलं सर्वोत्तम काम होतं ते.

कपांचे खोके घरी आले. ते दिवाणखान्यात रचले, मग पलंगाखाली, मग जिन्याच्या वळणावर, आणि त्यावरून इमारतीच्या सेक्रेटरींनी 'सामायिक जागेत माल साठवणे' या विषयावर एक सूचना लावली. विमावाल्यांनी मात्र कंबर कसली. विम्याच्या निमित्तानं शहरातले सगळे म्हातारे त्यांच्या ओळखीचे होते. ते प्रत्येक घरी पॉलिसीबरोबर कप नेऊ लागले. आणि आश्चर्य असं, की कप खपू लागला. लोक मागून घेऊ लागले. आयुष्यात तक्तेकाकांना मिळालेलं हे पहिलं व्यावहारिक यश. आणि ते कुणी अभिनंदन केलं की चष्मा पुसत.

एक दिवस दारात एक अनोळखी गृहस्थ उभे राहिले. काकांच्याच वयाचे, हातात फळांची पिशवी. आत येऊन बसले आणि पिशवीची गाठ सोडत-बांधत राहिले.

"आमच्या घरातून पाठवलंय," ते शेवटी म्हणाले. "हिच्या हाताचं असंच आहे हो. सुरुवात आहे. चिडचिड करायची, कप भिंतीवर मारायची. तुमचा कप आणला आणि परवा हिनं स्वतः चहा घेतला. पूर्ण कप. आणि पिऊन झाल्यावर मला म्हणते काय, 'साखर कमी आहे'!" ते हसले, आणि हसताहसता त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. "इतकं अचूक माप कुणाच्या हाताचं घेतलंत हो?"

तक्तेकाका चष्मा पुसू लागले.

"माझ्या," आतून काकू म्हणाल्या.

त्या भिंतीच्या आधारानं बाहेर आल्या आणि खुर्चीत बसल्या. गृहस्थांनी त्यांच्या मांडीवरच्या हातांकडे पाहिलं. मग टेबलावरच्या हस्तिदंती कपाकडे पाहिलं. त्यांना हिशेब लागायला वेळ लागला नाही, आणि लागल्यावर ते उठायला बघू लागले.

"बसा हो," काकू म्हणाल्या. "त्यांना सांगा, चहात साखर कमीच बरी. आणि म्हणावं, हात चालताहेत तोवर नवऱ्यावर कप मारून घ्या. भिंतीला काय लागतंय?"

गृहस्थ गेले. तक्तेकाका फळांच्या पिशवीकडे बघत बसले. मग एकदम उठले, कपाटातून कोरा कागद काढला आणि टेबलावर पसरला.

"नवा साचा करायचा," ते म्हणाले. "या खेपेला अॅल्युमिनियमचा. तू म्हणत होतीस तसा. जीभ सुटी. रेघ पडली तर पडली. पंधरा दिवसांचं काम. इकडे आण हात."

काकूंनी हात टेबलावर ठेवला. तो आता उघडत नव्हता आणि मिटतही नव्हता. तक्तेकाकांनी व्हर्नियर उघडलं.

"थांबा," काकू म्हणाल्या. "आत्ताचं माप घेऊ नका."

"मग?"

"कप येईल तेव्हाच्या हाताचं घ्या."

तक्तेकाकांकडे दोन मापं होती: तेव्हाचं आणि आत्ताचं. दोन बिंदू मिळाले की त्यांतून रेघ कशी काढायची आणि ती पुढे कशी वाढवायची, हे त्यांनी आयुष्यभर मुलांना शिकवलं होतं. त्याला कागद लागत नाही. ती रेघ त्यांनी मनात काढली, आणि ती कुठे जाते ते त्यांना दिसलं. व्हर्नियर त्यांनी तसंच उघडं टेबलावर ठेवलं आणि ते स्वयंपाकघरात गेले.

आत बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात घरातला जुना, साधा स्टीलचा पेला होता. खुर्ची ओढून ते काकूंच्या शेजारी बसले. काही न विचारता त्यांनी पेला त्यांच्या ओठांशी नेला आणि मान खाली घालून थांबले, नकार ऐकायच्या तयारीनं.

काकूंनी एकदा दाराकडे पाहिलं. दार लावलेलं होतं. मग त्यांनी हनुवटी पुढे केली आणि एक घोट घेतला. थांबल्या. आणखी एक घेतला. थोडा चहा हनुवटीवरून ओघळून पदरावर पडला.

"नीट धरा की," काकू म्हणाल्या. "तुमचा हात का थरथरतोय?"

"पेला गरम आहे," तक्तेकाका म्हणाले.